उद्याची तरतूद

आपल्याकडील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट करीत आला आहे. सुगी संपली, की खळ्यावरच्या राशीतील उत्तम दाणे तो निवडून वेगळे काढतो, कीड लागू नये म्हणून राखेत घोळवतो आणि मडक्यात किंवा कणगीत जपून ठेवतो. हे पुढच्या पेरणीचे बियाणे. पुढे उन्हाळ्यात घरातील धान्य संपत येते, कधी शेजाऱ्याकडून पायली-दोन पायली उसने आणावे लागते. पण त्या मडक्याला कोणी हात लावीत नाही. बियाणे शिजवून खाल्ले, तर आजचा दिवस निभावेल. परंतु पुढचे सारे वर्ष नष्ट होईल, हे त्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असते.

मुलांनो, ही गोष्ट फार साधी वाटते. परंतु मानवी संस्कृतीचा सारा इतिहास तिच्यात साठवलेला आहे. आजची भूक आवरून उद्याची तरतूद करण्यास मनुष्य ज्या दिवशी शिकला, त्या दिवसापासून तो रानातील इतर प्राण्यांहून वेगळा होऊ लागला.

कोणी विचारील, ‘मुंगी दाणे साठवीत नाही काय? मधमाशी मध साठवीत नाही काय?’ प्रश्न योग्य आहे. परंतु मधमाशी हजारो वर्षांपूर्वी जसे पोळे बांधीत होती, तसेच ती आजही बांधते. मनुष्याने मात्र तरतुदीच्या नवनव्या रीती शोधल्या, त्या सुधारल्या आणि आपल्या मुलांना शिकवल्या. त्याने प्रथम हत्यार राखले, नंतर अग्नी राखला, मग बी राखले आणि अखेरीस आपला शब्दही राखून ठेवला. ही वाटचाल कशी झाली, ते आता पाहू.

हत्यार

अगदी आरंभी मनुष्याजवळ काय होते? वाघाची नखे नव्हती, हरणाचे पाय नव्हते, अस्वलाचे केस नव्हते. त्याच्यापाशी मोकळे असे दोन हात आणि विचार करणारे मन एवढेच होते. त्या हातांनी त्याने दगड उचलला, दुसऱ्या दगडावर आपटला आणि त्याला धार आणली. आफ्रिका खंडातील केनिया देशात अशी सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारे सापडली आहेत.

आपल्या देशातही या प्राचीन कारागिरांच्या खुणा ठिकठिकाणी आढळतात. ३० मे १८६३ रोजी रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाला चेन्नईजवळ पल्लावरम येथे एक घडीव दगड सापडला. तो मनुष्याच्या हातची कुऱ्हाड आहे, हे त्याने ओळखले. त्याच वर्षी जवळच्या अत्तिरमपक्कम या गावी अशी आणखी हत्यारे मिळाली. तेथील सर्वांत जुनी हत्यारे सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची असल्याचे पुढील संशोधनात सिद्ध झाले आहे. महाराष्ट्रात प्रवरेच्या काठी नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांचे सहकारी यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. तेथेही अश्मयुगातील हत्यारे मिळाली. ज्या नेवाशात पुढे ज्ञानदेवांनी ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली, त्याच भूमीवर लक्षावधी वर्षांपूर्वी कोणी अनामिक मनुष्य दगड घडवीत बसला होता!

अशी हातकुऱ्हाड घडवणे सोपे नव्हते. योग्य जातीचा दगड निवडावा लागे. कोठे आघात केला म्हणजे कोणत्या बाजूचा छिलका उडेल, हे आधी जाणावे लागे. म्हणजे हत्यार हातात तयार होण्यापूर्वी ते मनात तयार होत असे. एक घाव चुकला, की सारे श्रम व्यर्थ जात. हे कौशल्य वडीलधाऱ्यांच्या हातांकडे पाहून मुलांनी शिकावयाचे. जगातील पहिली शाळा बहुधा अशीच, नदीकाठच्या दगडगोट्यांत भरली असावी.

अग्नी

वणव्याला सगळेच प्राणी भितात. मनुष्यही भीतच होता; परंतु त्या भयाबरोबर त्याच्या मनात कुतूहलही होते. दक्षिण आफ्रिकेतील वंडरवर्क नावाच्या गुहेत, आत खोलवर, सुमारे १० लाख वर्षांपूर्वीची राख व जळलेली हाडे सापडली आहेत. त्यावरून मनुष्याने अग्नी आपल्या निवाऱ्यात आणला होता, असे दिसते.

अग्नी पेटवण्याची युक्ती साधण्यापूर्वी तो विझू न देणे हेच मोठे काम होते. रात्रभर कोणीतरी जागे राहावयाचे, पावसापासून निखारे झाकावयाचे, सुकी लाकडे आधीच गोळा करून ठेवावयाची. एकट्याने हे होण्यासारखे नव्हते. एकाने निजावे तर दुसऱ्याने जागावे, एकाने शिकारीस जावे तर दुसऱ्याने विस्तवाजवळ थांबावे, अशी कामाची वाटणी करावी लागली असेल. विस्तवाने अन्न मऊ केले, थंडी पळवली, श्वापदे दूर ठेवली. पण त्याहूनही मोठी गोष्ट म्हणजे त्याने माणसांना एकमेकांच्या भरवशावर राहण्यास लावले.

चित्रे

मध्य प्रदेशात भोपाळच्या दक्षिणेस भीमबेटका या ठिकाणी प्रचंड खडकांचे नैसर्गिक निवारे आहेत. १९५७ साली डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी तेथील प्राचीन चित्रे उजेडात आणली आणि २००३ साली या स्थळाची गणना जागतिक वारशात झाली. तांबड्या व पांढऱ्या रंगांत रेखाटलेली हरणे, गवे, रानडुकरे, धनुष्यबाण घेतलेले शिकारी आणि हातात हात घालून नाचणारी माणसे तेथील भिंतींवर दिसतात. यांपैकी कित्येक चित्रे हजारो वर्षांपूर्वीची आहेत.

चित्र काढल्याने कोणाचे पोट भरत नाही. मग पोटासाठी दिवसभर रानोमाळ भटकणाऱ्या त्या माणसांनी रंगीत माती कुटून, खलून, खडकावर ही चित्रे का काढली असतील? जे पाहिले, जे अनुभवले, ते नाहीसे होऊ नये, अशी ओढ त्यांना वाटली असावी. हत्यार व अग्नी यांनी शरीराचे रक्षण होत होते. चित्राने स्मृतीचे रक्षण होऊ लागले.

मूठभर बी

सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी हिमयुग संपले. हवा उबदार झाली. पश्चिम आशियातील टेकड्यांवर रानटी गहू आणि जव विपुल उगवू लागले. माणसे हे दाणे गोळा करून खात. परंतु या रानटी धान्यात एक अडचण होती. दाणा पिकला, की तो ओंबीतून आपोआप गळून मातीत पडे. वनस्पतीच्या दृष्टीने हे सोयीचे होते, कारण तिचे बी आपोआप पेरले जाई. माणसाच्या दृष्टीने मात्र पीक हातचे जात असे.

तथापि काही थोड्या ओंब्या अशाही असत, की ज्यांचे दाणे पिकूनही गळत नसत. कापणी करणाऱ्याच्या हाती साहजिकच या ओंब्या अधिक येत. त्यांतलेच काही दाणे पुढे पेरले जात. असे पिढ्यामागून पिढ्या चालले आणि न गळणाऱ्या दाण्यांचे धान्य वाढत गेले. आज आपण खातो तो गहू असा तयार झाला. तो आता माणसाने कापून, मळून, पेरल्यावाचून आपली पैदास नीट करू शकत नाही. आणि माणूसही त्याच्यावाचून राहू शकत नाही. माणसाने गव्हाला माणसाळवले आणि गव्हाने माणसाला एका जागी बसवले!

पण हा बदल सुखासुखी झाला नाही. शिकारी एका रानात शिकार न मिळाली, तर दुसऱ्या रानात जाई. शेतकऱ्याला शेत सोडून जाता येत नव्हते. पाऊस पडला नाही, टोळ आले किंवा कीड पडली, म्हणजे उपासमार ठरलेली. असा एखादा उन्हाळा डोळ्यांसमोर आणा. झोपडीतील धान्य संपले आहे. मुले भुकेने कळवळत आहेत आणि कोपऱ्यात बियाण्याने भरलेली टोपली आहे. आईने त्या टोपलीकडे पाहिले नसेल काय? पाहिलेच असेल. काही घरांनी ते बी खाल्लेही असेल, आणि त्यांना पुढच्या पावसात पेरावयास काही उरले नसेल. ज्यांनी मन घट्ट करून, कंदमुळे खाऊन दिवस काढले आणि ती टोपली जपली, त्यांच्यामुळे शेती टिकली. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. परंतु आपल्या ताटातील प्रत्येक भाकरी आणि पोळी त्यांची ऋणी आहे.

मेहरगड

बोलन खिंडीच्या पायथ्याशी, आज पाकिस्तानात असलेल्या बलुचिस्तानात, मेहरगड नावाचे ठिकाण आहे. तेथे जाँ-फ्रान्स्वा जारिज या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाच्या मार्गदर्शनाखाली १९७४ पासून उत्खनन झाले आणि भारतीय उपखंडातील अतिप्राचीन शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले. तेथील पहिली वस्ती सात हजार वर्षांहूनही जुनी आहे.

हे लोक जव व गहू पिकवीत, शेळ्यामेंढ्या व वशिंडाची गुरे पाळीत आणि कच्च्या विटांच्या घरांत राहत. लहान लहान खोल्यांच्या काही इमारती धान्य साठवण्यासाठी असाव्यात, असे त्यांच्या रचनेवरून वाटते. आरंभी त्यांना मडकी घडवता येत नव्हती. ते टोपल्यांना आतून डांबर लावून त्या वापरीत. पुढे मातीची भांडी आली, त्यानंतर कुंभाराचे चाक आले. भाजलेल्या मातीच्या भांड्यात धान्य उंदीर-घुशींपासून व ओलीपासून सुरक्षित राहू लागले. येथील एका थडग्यात तांब्याचा मणी मिळाला आणि त्याच्या भोकात कापसाच्या धाग्याचा अंश शिल्लक होता. एवढ्याशा धाग्यावरून त्या प्राचीन काळी तेथे कापूस माहीत होता, हे कळून आले. इतिहास कधी कधी असा सुताच्या एका टोकाने हाती लागतो.

गावाचे नगर झाले

खाऊन उरेल इतके धान्य पिकू लागले, तेव्हा गावातील प्रत्येकाने शेतीच केली पाहिजे, असे राहिले नाही. कोणी भांडी घडवू लागला, कोणी मणी पाडू लागला, कोणी तांबे वितळवू लागला. शेतकऱ्याने त्यांना धान्य द्यावे आणि त्यांनी शेतकऱ्याला वस्तू द्याव्यात, अशी देवघेव सुरू झाली. देवघेव वाढली, तसे मार्ग वाढले, बाजार वाढले आणि नद्यांच्या काठी नगरे उभी राहिली. इराकमध्ये तैग्रिस व युफ्रेटिस, इजिप्तमध्ये नाईल आणि आपल्याकडे सिंधू या नद्यांच्या खोऱ्यांत जगातील अतिप्राचीन संस्कृती उदयास आल्या.

१९२१ साली दयाराम साहनी यांनी हडप्पा येथे आणि पुढच्याच वर्षी राखालदास बॅनर्जी यांनी मोहेंजोदडो येथे उत्खनन सुरू केले. १९२४ साली सर जॉन मार्शल यांनी या शोधाची वार्ता जगाला दिली. ही नगरे इ. स. पू. २६०० ते १९०० या काळात भरभराटीस आली होती. त्यांचे वैभव राजवाड्यांत नाही. ते शिस्तीत आहे. सरळ रस्ते, घरोघरी स्नानाच्या जागा आणि विटांनी बांधलेली, वरून झाकलेली गटारे तेथे होती. विटा लहान असोत वा मोठ्या, त्यांची उंची, रुंदी व लांबी यांचे प्रमाण बहुधा १ : २ : ४ असेच असे. दगडाची घनाकृती वजने एकाच्या दुप्पट दुसरे, दुसऱ्याच्या दुप्पट तिसरे, अशी चढत जात. शेकडो कोसांच्या प्रदेशात माप सारखेच! परस्परांवरील विश्वासावाचून हे शक्य नव्हते. मोहेंजोदडो येथील मोठे स्नानकुंड सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल आहे. कच्छमधील धोलावीरा येथे तर कोरड्या प्रदेशात पावसाचे पाणी साठवण्यासाठी मोठमोठे तलाव बांधलेले आढळतात. ज्यांच्या पूर्वजांनी धान्य साठवले, त्यांनी आता पाणीही साठवले.

शब्दाची तरतूद

नगरात व्यवहार वाढले. कोणाकडून किती धान्य आले, कोणाला किती दिले, हे सारे तोंडी ध्यानात कसे राहावे? इराकमधील उरुक या नगरात इ. स. पू. ३२०० च्या सुमारास ओल्या मातीच्या पाट्यांवर खुणा करून हिशेब ठेवले जाऊ लागले. त्या पाट्यांवर धान्याची, गुरांची व मजुरीची नोंद आहे. मानवाचे पहिले लेखन कवितेसाठी नव्हे, तर हिशेबासाठी झाले. पण एकदा लिपी हाती आल्यावर त्याच चिन्हांतून पुढे कथा, प्रार्थना आणि कायदेही लिहिले गेले. मेलेल्या माणसाचा शब्द जिवंत माणसाला ऐकू येऊ लागला.

सिंधू संस्कृतीच्या लोकांनाही लिपी होती. त्यांच्या मुद्रांवर बैल, हत्ती, गेंडा अशा प्राण्यांच्या सुबक आकृती आणि वर काही चिन्हे कोरलेली आहेत. अशी सुमारे ४०० चिन्हे मोजली गेली आहेत. परंतु अनेक विद्वानांनी प्रयत्न करूनही ही लिपी अद्याप सर्वमान्य रीतीने वाचता आलेली नाही. इजिप्तच्या प्राचीन लिपीचेही असेच झाले होते. पण एकच मजकूर प्राचीन इजिप्तच्या लिपीत व ग्रीक भाषेत कोरलेला एक शिलालेख मिळाला आणि त्याच्या आधारे १८२२ साली शाँपोलियाँ या फ्रेंच पंडिताने ती लिपी उलगडली. सिंधू लिपीला असा दुभाषी लेख अजून लाभलेला नाही. अक्षरे राहिली; ती शिकवणारा मात्र कोणी उरला नाही. नुसते जपून ठेवणे पुरेसे नसते. जपलेल्या वस्तूचा अर्थही पुढच्या पिढीच्या हाती द्यावा लागतो.

साखळी तुटते आणि जुळते

इ. स. पू. १९०० च्या सुमारास सिंधू नगरांना उतरती कळा लागली. पावसाचे मान घटले, काही नद्यांचे प्रवाह बदलले, व्यापार मंदावला. नगरे ओस पडली, तरी माणसे नाहीशी झाली नाहीत. नांगर, बैलगाडी, कुंभाराचे चाक, धातूचे ओतकाम ही विद्या त्यांनी बरोबर नेली. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली ब्राँझच्या चार अप्रतिम वस्तू सापडल्या : बैलजोडी जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. अनेक संशोधक त्यांचा संबंध सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळाशी जोडतात.

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील एक शेतकरी गाव तेथे होते. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. शेतीला पाणी देण्यासाठी पाट होता, पुरापासून रक्षणासाठी बांध होता. गावप्रमुखाच्या पाच खोल्यांच्या घराला लागून धान्याचे कोठार होते. गावाचे धान्य एकत्र साठवून अडचणीच्या दिवसांत ते वाटले जात असावे, असा तर्क संशोधकांनी केला आहे.

परंतु इ. स. पू. १००० नंतर येथील पाऊसपाणी बिघडले. मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेती कमी झाली, शिकार वाढली. अखेर इ. स. पू. ७०० च्या सुमारास गाव उठले. पुढे गेलेली माणसे मागेही येऊ शकतात, हे इनामगाव आपल्याला सांगते. संस्कृती ही एकदा मिळवून कायमची हाती राहणारी वस्तू नव्हे. ती विस्तवासारखी आहे. तिला रोज जपावे लागते.

आपला वाटा

मुलांनो, तुम्ही सकाळी पोळी खाता, सुती कपडे घालता, मापाने दूध घेता, पाटीवर किंवा वहीत अक्षरे लिहिता. यांतील एकही गोष्ट तुम्ही किंवा तुमच्या आईवडिलांनी शोधून काढलेली नाही. ज्यांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत, अशा असंख्य माणसांनी उपाशी राहून, जागरण करून, पुन्हा पुन्हा प्रयत्न करून त्या आपल्यासाठी राखल्या. त्यांना आपण दिसत नव्हतो; तरीही त्यांनी आपली तरतूद केली.

या ऋणाची फेड मागे वळून करता येत नाही, ती पुढेच करावी लागते. विहिरीतील पाणी, शेतातील सुपीक माती, रानातील झाडे आणि आपल्याला मिळालेली विद्या ही आजचे बियाणे आहेत. त्यांतील काय खर्च करावयाचे आणि काय राखून ठेवावयाचे, हे आता आपल्याला ठरवावयाचे आहे. आपल्यानंतर येणाऱ्यांनी पेरणीच्या वेळी मडके उघडले, तर ते रिकामे निघता कामा नये.

स्वाध्याय

१. मधमाशीचा साठा आणि मनुष्याची तरतूद यांत लेखकाने कोणता भेद सांगितला आहे?
२. रानटी गव्हापासून आजचा गहू कसा तयार झाला, ते आपल्या शब्दांत सांगा.
३. ‘माणसाने गव्हाला माणसाळवले आणि गव्हाने माणसाला एका जागी बसवले’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. सिंधू लिपी अद्याप वाचता आलेली नाही. त्यावरून कोणता बोध घेता येतो?
५. इनामगावची हकीकत थोडक्यात लिहा.
६. तुमच्या घरी किंवा गावात धान्य, बियाणे व पाणी साठवण्याच्या जुन्या रीती कोणत्या होत्या, ते वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.